मुंबई–गोवा शिडाच्या बोटीने: पहिल्यांदा जाताना

खडकवासल्याला डिंगी (छोटी शिडाची होडी) चांगली चालवतोस, पण तिथे समुद्राच्या लांब लाटा नसतात आणि रात्रीचा प्रवासही नसतो. मुंबई ते गोवा सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. पाच नॉटने, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, साधारण दोन दिवस. पहाऱ्याची पाळी चार तासांची धर.

मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घे. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

हार्नेसबद्दल, म्हणजे स्वतःला बोटीला अडकवून ठेवायच्या पट्ट्यांबद्दल, मी हट्टी आहे. केबिनच्या शिडीवरून वर येताना, कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या उघड्या जागेत) पाय ठेवण्याआधीच हुक अडकव. हुक अडकवायला डेकवर ताणलेली जॅकलाइन चपट्या पट्ट्याचीच हवी, कारण गोल दोर पायाखाली फिरतो आणि माणूस घसरतो.

दुपारी खारे वारे चढतात, रात्री मतलई. रीफ अंधार पडण्याआधी घे, म्हणजे शीड आखडून लहान कर. ‘आता घ्यावा का?’ असं मनात आलं, की तीच वेळ. उशीर केलास तर फडफडत्या शिडाशी झुंजावं लागतं.

किनाऱ्याजवळ जाळ्यांचे बोये सांभाळ. दोर बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंतला तर इंजिन ताबडतोब न्यूट्रलला टाकून बंद कर, मागे-पुढे करू नकोस, आणखी आवळतो. दर तासाला स्थान, दिशा, वेग आणि वायुदाब वहीत लिही, जीपीएस चालू असला तरी.