शंका-समाधान : देवाच्या प्रेमाला अट असते का?

'ख्रिस्ती श्रद्धेत देवाचं प्रेम बिनशर्त आहे' असं एक वाक्य गेल्या अंकात आम्ही ओघात लिहून गेलो. पुणेकर वाचकांनी ते ओघात जाऊ दिलं नाही. आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

'प्रेम बिनशर्त म्हणता आणि दर रविवारी उपासनेत पश्चात्ताप करा म्हणून सांगता. मग ही अट नाही तर काय?' — एक वाचक, वडगाव शेरी

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय एका बैठकीत वाचा. ३२ वचनं आहेत, दहा मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. शंभरातलं एक मेंढरू हरवतं, दहातलं एक नाणं हरवतं, मग दोन मुलांतला एक. येशूनं सांगितलेल्या या तिसऱ्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, कोण काय आधी करतं, तेवढं बोट ठेवून बघा.

धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा घेऊन दूरदेशी जातो आणि तो उडवतो. त्याला घराची आठवण होते ती भुकेनं. दुष्काळ पडलाय, डुकरांपुढच्या शेंगाही त्याला कुणी देत नाही. तो तीन वाक्यं मनाशी जुळवून निघतो: मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला मजूर म्हणून ठेवा. विसाव्या वचनात तो अजून लांब असतानाच बाप त्याला बघतो, धावत जातो, गळ्यात पडतो, मुके घेतो. मुलाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो एकविसाव्या वचनात. त्यातही मजुरीचं वाक्य राहूनच जातं, कारण बापानं झगा, अंगठी आणि जोडे आणायला माणसं पिटाळलेली असतात.

पश्चात्तापानं बापाचं मन वळलं, असं इथे कुठेच नाही. ते वळवायची गरजच नव्हती. मात्र मुलगा डुकरांपाशीच बसून राहिला असता तर ती मिठी त्याच्या वाट्याला आली नसती. प्रेषित पौलही रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात (रोमकर ५:८) हाच क्रम सांगतो: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. गाडी अडते ती माणूस आपला पश्चात्ताप मोजायला लागला की. पुरेसं रडलो का, उपास किती केले, असा हिशेब सुरू झाला की मजुरीचं ते तिसरं वाक्य परत आलंच म्हणून समजा.

'१८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून पुण्यात मोठमोठ्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. तुमच्याकडे लाच खाल्ली तरी देव माफ करणार. सोय चांगली आहे!' — एक वाचक, सदाशिव पेठ

टोमणा मान्य. पण त्याच दाखल्यातला जमिनीचा हिशेब बघा. बायबलमधल्या नियमशास्त्राप्रमाणे ('अनुवाद' हे पुस्तक, २१:१७) थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन मुलांत धाकट्याचा एक तृतीयांश. तो त्यानं उडवला. परतल्यावर मेजवानी मिळाली, वाटा मिळाला नाही. 'माझं जे आहे ते सगळं तुझंच' असं बाप थोरल्याला सांगतो. आपल्या भाषेत, सातबारा थोरल्याच्याच नावावर राहिला. माफीनं मुलगा घरात आला, उडवलेली इस्टेट काही आली नाही.

लाचेचंच म्हणाल तर लूक १९मधला जकातदार जक्कय आहे. येशू आधी त्याच्या घरी उतरतो. त्यावर बघणारे कुरकुरतात. त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट द्यायचं कबूल करतो. फसवून घेतलेल्या मालाबद्दल नियमशास्त्रातलंच लेवीय ६:५ मूळ रक्कम अधिक एक पंचमांश मागतं. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला, तेही कुणी न मागता.

तेव्हा पैसे खाल्ले असतील तर कुणाचे, कधी, किती ते लिहून काढा आणि ज्याचे त्याला परत करा. दानपेटीत टाकून ते फिटत नाहीत. मत्तय ५:२३-२४ तर म्हणतं, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्या भावाकडे जा. कॅथलिक पापनिवेदनातही फादर पापक्षमा देतात आणि नेमून दिलेलं प्रायश्चित्त माणूस बहुधा त्यानंतर करतो. देव माणसाला कशाच्या बळावर स्वीकारतो, या प्रश्नावर कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) शतकानुशतकं भांडले. ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये दोघांनी एकत्र सही केली की देव माणसाला स्वीकारतो ते केवळ कृपेनं, माणसाच्या पुण्याईवर नव्हे. सत्कर्मं त्या कृपेतून पुढे येतात.

'आईची शुगर उतरत नाही. प्रार्थनेला येणारे म्हणतात विश्वास कमी पडतोय, गोळ्या सोडा.' — हडपसर

गोळ्या सोडू नका. आधी डॉक्टर, आणि प्रार्थना त्याच्या बरोबरीनं. पौलानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. तो निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे' एवढंच उत्तर आलं (२ करिंथ १२). आपला सहकारी त्रफिम याला त्यानं मिलेत शहरात आजारी ठेवूनच पुढचा प्रवास केला, आणि दुसरा सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. यांतल्या कुणालाही अविश्वासी म्हणायची कुणाची छाती नाही. ती तुमच्या आईपुढेच कशी होते?

'नवरा हात उचलतो. मंडळीतल्या बायका म्हणतात, देव बिनशर्त प्रेम करतो तसं तू कर, सहन कर.' — पिंपरी

ताई, हा सल्ला चुकीचा आहे. क्षमा करणं वेगळं आणि मार खात राहणं वेगळं. स्तोत्र ११:५ म्हणतं, जुलमाची आवड असणाऱ्याचा परमेश्वराला वीट येतो. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं रोमी नागरिकत्वाचा हक्क पुढे केला आणि फटके टाळले (प्रेषितांची कृत्ये २२:२५). तुम्हालाही कायद्याचा आधार घेता येतो.

जीवावर बेतलं असेल तर ११२, एरवी महिला हेल्पलाइन १८१. जखम झाली असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा, कशामुळे झाली ते खरं सांगा आणि कागद जपून ठेवा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी तुमचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नेतात. त्याच घरात राहण्याचा हक्क, नवऱ्याला मज्जाव आणि खर्चाची रक्कम हे तिन्ही त्यात मागता येतं. पास्टरना सांगायचं असेल तर एकट्या जाऊ नका, आणि त्यांनी दोघांना समोरासमोर बसवून समेट करायचं ठरवलं तर नाही म्हणा. नवऱ्यासमोर तुम्ही मोकळं बोलू शकणार नाही, आणि जे बोलाल त्याचा राग घरी गेल्यावर तुमच्यावरच निघेल. तो खरंच बदलला असेल तर तुम्ही वेगळ्या राहत असतानाही त्याला ते दाखवता येईल.