नवजात बाळाच्या तपासणीत टाचेच्या रक्तात अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) जास्त आली, बाळाची वाढ खुंटेल का?

एका किंचित वाढलेल्या आकड्यावरून वाढीचं भाकीत होत नाही. वार (प्लॅसेंटा) अमिनो आम्लं पोटातल्या बाळाकडे ओढून घेते, म्हणून नाळेच्या रक्तात ती आईपेक्षा जास्तच असतात. टाचेचा नमुना 24 तासांनंतर, शक्यतो 48 ते 72 तासांत घेतात. बाळाला सलाईनमधून अमिनो आम्लं चालू असतील किंवा रक्त टिपायच्या कागदावर थेंबावर थेंब पडला असेल, तर आकडा फुगतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागद आडवा ठेवून किमान तीन-चार तास सुकवावा. ओलाच पाकिटात घातला तर नमुना बाद. आईच्या पांढऱ्या रश्श्याला दोष देऊ नका! फेरतपासणी मात्र लगेच करा, कारण फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल खरंच चढलेलं असेल तर मेंदूला धोका असतो. वजन दोन आठवड्यांत जन्माइतकं व्हावं, पुढे रोज 25-30 ग्रॅम.