लिंटन क्वेसी जॉन्सन यांच्या कविता वाचायला सुरुवात कुठून करावी?

ढसाळ आणि दलित पँथरबद्दल वाचताना जमैकात जन्मलेल्या, लंडनच्या या काळ्या कवीचं नाव सापडलं, पुस्तक उघडलं, पण इंग्रजी येत असूनही ओळी लागेनात, असं तुम्ही लिहिलंय. त्या ओळी जमैकन क्रिओलमध्ये, म्हणजे जमैकातल्या इंग्रजीवर बेतलेल्या बोलीत आहेत आणि स्पेलिंग कानाला ऐकू येतं तसं ठेवलंय, म्हणून त्या डोळ्यांना लागत नाहीत. मोठ्याने वाचा.

'द'चं 'डी' होतं. नामामागे 'डेम' आलं की अनेकवचन. 'फी' म्हणजे कधी 'साठी', कधी क्रियापदाआधीचं 'टू'. 'मी' म्हणजे चक्क आपलं 'मी', कधी 'माझा'. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही आणि भूतकाळ बऱ्याचदा संदर्भावरूनच कळतो. बहुतेकजण शेजारी पेन्सिलीने 'शुद्ध' इंग्रजी लिहीत जातात आणि तिथेच फसतात. अर्थ हाती येतो, पण ताल जातो. जॉन्सन बास गिटारची ओळ कानात ठेवून लिहितात, त्यामुळे ताल गेला की कविताच गेली.

पहिली कविता 'सनीज लेटा', म्हणजे 'सनीचं पत्र', घ्या. १९७९ च्या 'फोर्सेस ऑफ व्हिक्टरी' या अल्बममध्ये ती आहे. पुस्तक समोर ठेवून दोनदा ऐका, मग स्वतः म्हणा. लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या तुरुंगातून सनी हा मुलगा आईला पत्र लिहितोय. सुरुवात अगदी आपल्या 'पत्रास कारण की' थाटाची: या चार ओळी पोचतील तेव्हा तुझी तब्येत उत्तम असो. मग बसस्टॉप, पोलिसांची गाडी, धाकट्या जिमला पकडणं. इथून ओळी दोन-तीन शब्दांवर येतात. एक ओळ फटक्याची, पुढची त्याच्या परिणामाची, आणि दोन्हींना यमक. सनी उलटा हात उचलतो तेव्हाही तीच चाल, फक्त मारणारा बदललेला. एक पोलीस पडतो आणि मरतो. शेवटी पत्र पुन्हा रीतीवर येतं: तुझा मुलगा, सनी. या शांत शेवटानेच मला दर वेळी गलबलून येतं.

जिमवर लावलेला 'सस' कायदा ठाऊक नसेल तर कवितेचा राग कळणार नाही. १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्यातलं ते कलम होतं. गुन्हा करण्याच्या बेतात दिसला, एवढ्या संशयावर अटक व्हायची. तक्रारदार लागायचा नाही, पोलिसांचीच साक्ष पुरायची. काळ्या पोरांवर ते सर्रास वापरलं गेलं. १९८१ मध्ये रद्द झालं.

आयुष्याबद्दल थोडक्यात. जन्म २४ ऑगस्ट १९५२, जमैकातलं चॅपलटन. वार रविवार, 'क्वेसी' हे घानातल्या अकान लोकांत रविवारी जन्मलेल्या मुलाचं नाव. १९६३ मध्ये, अकराव्या वर्षी, आईकडे लंडनला. शाळेत असतानाच काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्रिटिश ब्लॅक पँथर संघटनेत, नंतर गोल्डस्मिथ्स कॉलेजात समाजशास्त्र, मग 'रेस टुडे' हे मासिक काढणाऱ्या गटाचं काम. मुंबईत १९७२ मध्ये पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं, हे तुम्ही वाचलंच असेल. लंडनच्या ब्लॅक पँथर आणि 'रेस टुडे' या दोन्ही गटांत पुण्यात जन्मलेले लेखक फारुख धोंडी होते, हा धागा आपल्याकडे कुणी फारसा उचलत नाही.

दुसरी कविता 'न्यू क्रास मासाका', म्हणजे 'न्यू क्रॉसचं हत्याकांड'. १८ जानेवारी १९८१ च्या पहाटे लंडनच्या न्यू क्रॉस भागातल्या एका घरात, वाढदिवसाची पार्टी चालू असताना आग लागली आणि १३ तरुण जीव गेले. नाचाच्या छोट्या उड्या मारणाऱ्या ओळी आणि मध्येच संथ, बोलल्यासारख्या लांब ओळी, असा तिचा बांधा आहे. वेग बदलतो तिथे थांबून श्वास घ्या, एका दमात म्हणू नका.

पुस्तक घ्यायचं तर 'मी रेवल्यूशनरी फ्रेन' ('माझा क्रांतिकारी मित्र') घ्या. २००२ मध्ये ते पेंग्विन मॉडर्न क्लासिक्समध्ये आलं. हयात असताना त्या मालेत आलेले ते दुसरे कवी आणि पहिले काळे कवी.

मराठीत अनुवाद करून बघणार असाल तर प्रमाण भाषा टाळा, पण वऱ्हाडी किंवा मालवणीही लगेच उचलू नका, सनी थेट अकोल्यात जाऊन बसेल. बोलीतली आखूड क्रियापदं घ्या, यमक फटक्यांपुरतं सांभाळा, आणि पत्राचा मायना मात्र पूर्ण रीतीने लिहा.