नवी मुंबईत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून स्वतःची प्रॅक्टिस सुरू करतेय. रिसेप्शनिस्ट ठेवावी, की अपॉइंटमेंट आणि पैसे अ‍ॅपवर सांभाळता येतील?

अ‍ॅपवर सांभाळता येतं, पण माणूस ठेवा, आणि बरा पगार देऊन ठेवा. ठाण्याला नौपाड्यात माझ्या वहिनीचं क्लिनिक आहे, ती मानसोपचारतज्ज्ञ आहे. फोन, काउंटर, हिशेब सगळं मी बघते. "फोन उचलायला काय लागतं?" हे मी घरातच इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

एकदा दुपारी एका बाईंचा फोन आला. आवाज अगदी गोड. एका मुलीचं पूर्ण नाव घेऊन म्हणाल्या, "तिची उद्याची वेळ किती वाजताची आहे हो? मी तिची मावशी." मुलगी आमच्याकडे येत होती, पण दुसऱ्या दिवशी तिची वेळच नव्हती. मी म्हटलं, "आमच्याकडे कोण येतं, कोण नाही, हे आम्ही कोणालाच सांगत नाही." त्यावर त्यांचा सूर बदलला. "अहो, लग्न ठरतंय, एवढं तरी कळायला नको का?" बाई मुलाकडच्या होत्या. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि फोन ठेवला.

यातली मेख अशी की जे येत नाहीत त्यांच्याबद्दल "नाही हो, असं कोणी येत नाही" म्हणायची सवय असेल, तर ज्या दिवशी "सांगता येणार नाही" म्हणाल त्या दिवशी समोरच्याला सगळं कळलं. म्हणून उत्तर सगळ्यांना एकच. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 23 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण फोनवर तो जपते काउंटरवर बसलेली बाई. अ‍ॅप फोन घेत नाही, म्हणजे तो फोन सेशन चालू असताना तुम्हालाच येणार. शिवाय क्लिनिकच्या नावासकट आठवणीचा मेसेज गेला की घरात कोणाच्याही नजरेला पडतो. यूपीआयवर दिसणारं नावसुद्धा साधं ठेवा, नवरा-बायकोचं खातं कधीकधी एकत्र असतं.

आता पैशांचं. माणूस समोर पाऊण तास रडल्यावर "मागच्या वेळचे राहिलेत" हे तुमच्या तोंडून निघणार नाही, आणि निघूही नये. ते बाहेरच्या माणसाने मागावं. न येता बुडवलेल्या सेशनची फी घ्या, पण तो नियम पहिल्याच भेटीत लेखी द्या. फी वडील भरतात म्हणून सज्ञान मुलाने आत काय सांगितलं ते वडिलांना कळणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाकावं.

माझा भाऊ सीए आहे. दर मार्चमध्ये माझ्या पगारावर बोट ठेवतो, "हा खर्च कमी होण्यासारखा आहे." वेळेवर वसूल होणारी फी त्याला हिशेबात दिसते, पण ती कोणामुळे येते हे दिसत नाही. त्या मुलीचं नाव बाहेर गेलं असतं तर वहिनीच्या पाटीवर कोणी विश्वास ठेवला असता?

हां, सुरुवातीला दिवसाला दोन-तीनच लोक येत असतील तर पूर्ण वेळचा पगार झेपणार नाही. तेव्हा फक्त संध्याकाळपुरती ठेवा, तशीही गर्दी ऑफिस सुटल्यावरच होते. तुमच्या सोसायटीतली किंवा नात्यातली नको. गोपनीयतेचं लिहून घ्या, आणि जाहिरातीत 'फ्रेशर चालेल' असं लिहू नका.