गावातले किंवा वसाहतीतले लोक मिळून भूजल खरंच वाचवू शकतात का?

हो, पण सुरुवात मोजण्यापासून करा. ठरलेल्या काही विहिरी निवडा, पंप सुरू होण्याआधी सकाळी टेप सोडून पाण्याची खोली घ्या आणि आकडा सगळ्यांना दिसेल अशा फलकावर लिहा. पावसाआधी आणि पावसानंतर तर नक्कीच. पाणी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला आपला उपसा किरकोळ वाटतो; आकडा समोर आला की वाद निम्मा मिटतो. हिवरे बाजार या गावाने हेच केलं: दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली.

माझ्या मते नुसते शोषखड्डे खणत राहण्यात अर्थ नाही. उपशाचा नियम नसेल तर मुरवलेलं पाणी ज्याचा पंप मोठा तोच ओढतो.

प्रदूषणाकडे मात्र फार कमी लक्ष जातं. बंद पडलेली बोअर आधी सीलबंद करा. मातीचे थर पाणी गाळतात, उघडं बोअर घाण थेट खाली नेतं. त्याच कारणाने रस्त्यावरचं वाहतं पाणी बोअरमध्ये सोडू नका. छपरावरचं, तेही गाळून, चालेल. संडासाचे खड्डे आणि शेणखताचे ढीग विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला हवेत. पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे मैला आणि खतांतून झिरपणारा क्षार, वर्षातून एकदा तरी तपासा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे. उकळून ते जात नाही, उलट दाट होतं, आणि वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना त्याचा सर्वाधिक धोका असतो.