४ फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी परवडणारा, टिकणारा प्रोटीन स्किमर कोणता? काका अमेरिकेहून येणार आहेत, त्यांना आणायला सांगू का?

काकांना सांगू नका. बाकीचं नंतर बोलू, आधी हे.

माझी हयात मोटर रिवाइंडिंगमध्ये गेली आणि ठाण्याच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना. माझा मोठा भाऊ न्यू जर्सीला असतो. एकदा येताना त्याने तिकडचा नावाजलेला स्किमर, म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर वरच्या कपात काढणारं यंत्र, माझ्यासाठी आणला. प्रेमाने आणला, त्याबद्दल वाद नाही. पण खोकं उघडल्याबरोबर मी पंपावरचं लेबल वाचलं: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिथेच म्हटलं, दादा, हा इथे नीट चालणार नाही. तो म्हणाला, "स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लाव, झालं."

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. स्किमरचा साधा एसी पंप म्हणजे सिंक्रोनस मोटर, तिचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेला. तिकडे मिनिटाला ३६०० फेरे मारणारा इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, आपल्या ५० हर्ट्झवर ३००० मारतो. पाणी ढकलायचा जोर वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणजे ७० टक्क्यांच्या आसपास उरतो. शिवाय कमी हर्ट्झवर कॉइल जास्त करंट ओढते, पंप तापतो आणि ती उष्णता जाते टाकीच्या पाण्यात. मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या खाली ठेवताना आधीच नाकी नऊ येतात, त्यात ही भर कशाला?

झालं तसंच. हवा कमी ओढली जायची, बुडबुडे मोठे, फेस कपाच्या गळ्याशी येऊन बसायचा आणि कप कोरडा. दादाला फोटो पाठवले. उत्तर आलं, "पाण्यात मीठ कमी असेल." खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसत होतं, म्हणजे समुद्राइतकंच, त्याचाही फोटो पाठवला. मग म्हणाला, "नवा आहे, मुरू दे." नव्या स्किमरला मुरायला आठवडा-दोन आठवडे लागतात हे खरंच आहे, पण इथे महिने उलटले. तोवर घरच्या ग्रुपवर वहिनीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांचं ठरलं होतं की मला चांगली वस्तू वापरता येत नाही. शेवटी त्याच बॉडीला मी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा, त्याच ताकदीचा नीडल व्हील पंप (ज्याच्या चाकावरचे काटे हवेचे बारीक बुडबुडे करतात) बसवला. हवेची नळी, व्हॉल्व्ह, सम्पमधली (टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीतली) पातळी, मासे, खाणं, काही बदललं नाही. त्याच आठवड्यात कपात काळपट, कुबट वासाचं पाणी जमलं. दादा आजही सांगतो की तोवर माझं पाणी सुधारलं होतं. पाणी तेच होतं, दादा. पंप बदलला.

आता तुमची टाकी. ४ × १.५ × १.५ फूट म्हणजे सुमारे २५५ लिटर. खोक्यावरचा लिटरचा आकडा मोजके मासे धरून छापलेला असतो, म्हणून तो तुमच्या पाण्याच्या दीडपट ते दुप्पट बघा. त्याहून मोठा घेऊ नका, त्याला फेस धरायला पुरेशी घाण मिळत नाही. सम्प असेल तर बबल मॅगस कंपनीच्या कर्व्ह ५ मॉडेलच्या वर्गातला, ५० हर्ट्झच्या पंपाचा, इथल्याच दुकानातून घ्या. दुकानदाराला किंमत विचारण्याआधी सुटा इंपेलर मिळतो का ते विचारा. स्किमरची बॉडी वर्षानुवर्षं टिकते, जातो तो इंपेलर. "मागवून देऊ" म्हणाला तर दुसरं दुकान बघा. स्किमरच्या कप्प्यात पाण्याची पातळी हलू देऊ नका, नाहीतर आज कप रिकामा आणि उद्या फरशीवर पाणी. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचतं, ते कोमट गोड्या पाण्याने धुवा. इंपेलर अधूनमधून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

सम्प नसेल तर मागे टांगायचा घ्यावा लागेल. आवाज जास्त, काम कमी. टाकी शंभर लिटरच्या आत असती आणि मासे दोन-तीनच, तर स्किमर घेऊच नका म्हटलं असतं, दर आठवड्याला पाणी बदलून भागतं. लाकडी एअरस्टोनचा स्किमर सगळ्यात स्वस्त, पण ते लाकूड काही आठवड्यांत बदलावं लागतं आणि तुमच्या टाकीला तो अपुरा पडेल.

एक राहिलं. डीसी पंपाच्या स्किमरला हर्ट्झची अडचण नाही. अॅडॉप्टरवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ छापलेलं असेल तर तो अमेरिकेतून आणला तरी चालतो. फक्त त्याचा कंट्रोलर आपल्या विजेच्या चढउतारात गेला तर इथे दुरुस्त करणारा सापडत नाही. तरीही काका आणतोच म्हणाले, तर पैसे भरण्याआधी पंपाच्या लेबलचा फोटो मागवा. त्यावर नुसतं ६० हर्ट्झ असेल तर नको म्हणा, कितीही वडीलधारे असले तरी.