मारबतीवर माहितीपट करताना
तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) नागपुरात निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीवर, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांवर, माहितीपट करण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र थेट मिरवणुकीच्या दिवशी कॅमेरा घेऊन महाल-इतवारीत उतरलात, तर हाती केवळ गर्दी लागेल. महिनाभर आधी, बांबूच्या सांगाड्यावर कागद चढवणाऱ्या कारागिरांकडे जा आणि पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवा (चहाला नाही म्हणू नका). काळ्या मारबतीचा संबंध नागपूरच्या भोसले राजघराण्यातील बांकाबाई भोसले यांच्याशी जोडणारी कथा पुष्कळजण सांगतील. ती लोककथा म्हणूनच मांडा, कागदपत्रांचा पुरावा वेगळा ठेवा. स्वतंत्र माइक अवश्य घ्या, कारण ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी कॅमेऱ्याच्या माइकवर निव्वळ गोंगाट ठरते.